फौजदाराच्या पोटावरच्या आठ गोचिडी

फौजदाराच्या पोटावर गोचीड सापडली तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते, आणि दादा परत यायला बरोब्बर एक दिवस उरला होता. जपूनकाकांच्या काळजात धस्स झालं. आठवडाभर तळहाताच्या फोडासारखं जपलेलं कुत्रं, आणि ऐन शेवटच्या दिवशी हे!

"अगं ए, ऐकतेस का? गोचीड!"

स्वयंपाकघरातून काकू आल्या नाहीत. अशा हाका त्यांना सोमवारपासून चाळीसेक वेळा आल्या होत्या. सोमवारी "अगं, हा शिंकला!" मंगळवारी "अगं, हा आज शिंकतच नाहीये!" बुधवारी तर कुत्रा झोपेत पाय हलवतो म्हणून त्यांना कणीक मळत्या हातांनी बोलावलं होतं.

जपूनकाका विमा कंपनीत दावे तपासायचे. कोण जिन्यावरून पडलं, कोणाच्या डोक्यात कुंडी पडली, कोण इस्त्रीनं भाजलं, हे सगळं तीस वर्षं रोज दहा ते सहा वाचल्यावर माणसाचं जे व्हायचं तेच त्यांचं झालं होतं. कुणी बाहेर निघालं की "जपून", कुणी पाण्याचा पेला उचलला की "जपून, ठसका लागेल". त्यांचं खरं नाव आता पोस्टमनलाही आठवत नसे.

आणि फौजदार होता दादाचा. दादा म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ, राहायला त्याच गावात, चालत वीस मिनिटांवर. पण सहा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. आई शेवटची आजारी होती ती जपूनकाकांकडे. तिला वारा लागू नये म्हणून त्यांनी चार महिने तिच्या खोलीची खिडकी उघडू दिली नव्हती. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, चार माणसांत, दादा म्हणाला, "आजारानं नाही गेली ती. तुझ्या काळजीनं सुकून गेली." जपूनकाका त्यावर काही बोलले नाहीत. त्यानंतर सहा वर्षं काहीच बोलले नाहीत. त्या खिडकीचा विचार मात्र त्यांनी बहुतेक रोज केला.

मागच्या शनिवारी दारावरची बेल वाजली. दारात दादा, हातात पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गादीएवढा केसाळ, तपकिरी, म्हातारा फौजदार.

"आठ दिवस परगावी जायचंय. याला ठेवशील?"

सहा वर्षांतलं पहिलं वाक्य. जपूनकाकांच्या तोंडून फक्त "काय खातो?" एवढंच निघालं.

"देशील ते. सकाळ-संध्याकाळ फिरवून आण. बास." आणि दादा वळून गेला.

आता 'बास' एवढ्या सूचनेवर जपूनकाका जगणार कसे? त्यांनी ऑफिसात आठवड्याची रजा टाकली, तडक गुरांच्या नव्हे तर घरगुती प्राण्यांच्या दवाखान्यात गेले आणि तिथून एक पत्रक घेऊन आले. 'वसंत ऋतू आणि तुमचा पाळीव सोबती'. चौदा कलमं. वसंतात परागकणांनी प्राण्यांना खाज सुटते. फुलांचे कंद विषारी असतात. खतं विषारी असतात. फरशी पुसायची औषधं विषारी असतात. मधमाश्या चावतात. उघड्या खिडकीतून प्राणी पडतात. केस गळतात, ते पोटात जातात. आणि कलम अकरा, गोचिडी. जपूनकाकांनी लाल पेन्सिलीनं महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केल्या तेव्हा एकही ओळ शिल्लक राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या सगळ्या फुलझाडांच्या कुंड्या गच्चीवर गेल्या. फिनेलची बाटली कपाटात कुलपाआड गेली. खिडक्या बंद झाल्या. फौजदाराला घासूनपुसून आंघोळ घालण्यात आली आणि त्याच्या केसांनी न्हाणीघराची मोरी अशी तुंबली की प्लंबरनं आतून काढलेला गोळा बघून, "आणखी एक कुत्रा आत होता का?" असं विचारलं.

"फरशी पुसायची नाही, खिडकी उघडायची नाही, झाडांना पाणी घालायला गच्चीवर चढायचं," काकू म्हणाल्या, "मी श्वास घेतला तर चालेल ना?"

"हळू घे. तो झोपलाय."

काकूंनी त्या दिवसापासून 'भीक नको पण कुत्रं आवर' ही म्हण मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. फौजदार मात्र सगळं सोसत होता. दिवसातून तीनदा कान तपासून घ्यायचा, जीभ दाखवायचा. दाराबाहेर नेलं की प्रत्येक झाडाला दहा फुटांचा वळसा घालून चालवलं जायचं. बिचाऱ्याला सात दिवस धड एक झाड हुंगायला मिळालं नव्हतं.

आणि आता ही गोचीड. पोटावर, मागच्या पायाजवळ, केसांच्या आत. काळपट, मसुराएवढी, घट्ट चिकटलेली.

जपूनकाकांनी चष्मा चढवला, फौजदाराला उताणं केलं आणि केस बाजूला सारत पुढे सरकले. चार बोटांवर आणखी एक. त्यापुढे आणखी एक. पलीकडच्या बाजूला पाहतात तर तिथेही!

"अगं, आठ आहेत! चार या बाजूला, चार त्या बाजूला. समोरासमोर रांग लावून बसल्यात!"

आता मात्र काकू आल्या. "रांग लावून? गोचिडी रांग लावतात?"

"वसंतातल्या लावत असतील! मला काय माहीत? कलम अकरा वाच. 'चिमट्याने त्वचेजवळ धरून सरळ ओढावे, पिरगळू नये.' तुझा भुवयांचा चिमटा आण."

"मी डॉक्टरांना दाखवा म्हणते."

"दादा उद्या येतोय! त्याला काय सांगू, तुझं कुत्रं आठ ठिकाणी पोखरू दिलं?"

चिमटा आला. जपूनकाकांनी श्वास रोखला, पहिली गोचीड त्वचेजवळ पकडली आणि सरळ ओढली.

फौजदारानं आयुष्यात अनेक गोष्टी सोसल्या असतील, पण ही नाही. त्यानं असा काही सूर लावला की वरच्या मजल्यावरचं बाळ रडायला लागलं. तो उसळला, जपूनकाका मागच्या मागे पडले, चष्मा कोचाखाली गेला. फौजदार पलंगाखाली शिरला आणि तिथून जन्माचं वैर धरल्यासारखा बघू लागला. चष्मा सापडला. गोचीड जागच्या जागी होती. पण चिमटा कुठेच नव्हता.

दोघांनी फरशी पाहिली, सतरंजी झटकली, कोच सरकवला. चिमटा नाही.

जपूनकाका फरशीवर बसले. चेहरा पांढराफटक. "गिळला त्यानं."

"काहीतरीच! चिमटा कोण गिळेल?"

"एका माणसानं दाराची किल्ली गिळली होती. मी स्वतः कागद पाहिलेत." ते पलंगाखाली बघत राहिले. "आधी आई. आता हा. मी ज्याला हात लावीन ते..."

काकूंनी हातातली सतरंजी खाली ठेवली. सहा वर्षांत 'आई' हा शब्द या घरात अशा आवाजात कुणी काढला नव्हता. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उठा. मास्तरांची गाडी खाली उभी आहे. आत्ता दवाखान्यात न्या. घर मी बघते."

मास्तर म्हणजे खालच्या मजल्यावरचे शेजारी. ते लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. चिमटा गिळलेलं कुत्रं म्हटल्यावर ते लगेच तयार झाले, पण अडचण अशी की त्यांचा तास सुरू होता.

"बाईंचा आज तिसरा तास आहे," ते म्हणाले. "त्याच चालवतील. बसा मागे."

चाकाशी एक ग्रंथपाल बाई बसल्या होत्या. दोन्ही हातांनी चाक असं धरलेलं की सोडलं तर उडून जाईल. त्यांनी आरशातून फौजदाराकडे पाहिलं. "हा चावतो का हो?"

"आज सांगता येत नाही," जपूनकाका खिन्नपणे म्हणाले.

गाडी निघाली. निघाली म्हणजे एक धक्का देऊन थांबली, पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. प्रत्येक धक्क्याला जपूनकाका फौजदाराचं पोट दोन्ही हातांनी धरत. आत चिमटा कुठल्या बाजूला तोंड करून असेल, याचा ते बोटांनी अंदाज घेत होते. शेजारून एक सायकलवाले आजोबा पुढे निघून गेले.

"जरा जोरात घेता येईल का?"

"दुसरा गिअर परवाच्या तासाला आहे," बाई म्हणाल्या.

परागकण आत येऊ नयेत म्हणून जपूनकाकांनी काचा बंद ठेवायला लावल्या होत्या. फौजदार धापा टाकत होता. दोन मिनिटांत चारी काचांवर वाफ धरली.

"मास्तर, मला पुढचं काही दिसत नाहीये," बाई शांतपणे म्हणाल्या. घाबरण्याच्या पलीकडे गेलेल्या माणसाचा असतो तसा तो आवाज होता.

"अहो, काच उघडा ना!"

"बोटभरच उघडा!" जपूनकाका ओरडले. "जपून!"

बोटभर फटीतून जे यायचं ते आलं. एक मधमाशी. कलम नऊ. ती फौजदाराच्या नाकापुढे गिरक्या घेऊ लागली आणि फौजदारानं तोंड उघडलं. जपूनकाकांना पत्रकातली ओळ लख्ख दिसली, 'तोंडात दंश झाल्यास घसा सुजून श्वास बंद होऊ शकतो'. चिमटा, त्यावर माशी! त्यांनी विचार न करता स्वतःचं तोंड मध्ये घातलं. माशी तयारच होती. तिनं त्यांच्या खालच्या ओठाला डंख मारला.

त्यांनी बोंब ठोकली. फौजदार भुंकला. बाईंनी दोन्ही हातांनी कान झाकले आणि चाक मोकळं झालं. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक कचकन दाबला तोवर गाडी चौकातल्या गोल फुलबागेत चढली होती.

बागेचा माळी खुरपं घेऊन धावत आला. "काल लावली होती ही रोपं! काल! डोळे फुटले का?"

पण जपूनकाकांना ते ऐकूच येत नव्हतं. दार उघडल्याबरोबर फौजदारानं उडी मारली होती आणि सात दिवसांच्या उपासानंतर मातीत नाक खुपसून तो ती चवीनं खात सुटला होता.

"खत कुठलं टाकलंय?" ते माळ्याचा हात धरून कळवळले. ओठ आता वांग्याएवढा झाला होता. "सांगा हो, कुठलं खत?"

"शेणखत," माळी चमकून म्हणाला. हा माणूस रोपांबद्दल हळहळतोय असं वाटून तो जरा निवळला. "चांगलं कुजलेलं आहे."

"विषारी नाही ना?"

"शेण विषारी असतं होय? पण खायचं असेल तर घरी तरी न्या."

दवाखान्यात पोचले तेव्हा जपूनकाकांच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता, अंगावर केस होते, ओठ लोंबत होता. बाकांवर मांजरं, ससे आणि त्यांचे धनी बसले होते. सगळ्यांनी सरकून वाट दिली. आत डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे, आणि विचारलं, "दोघांपैकी पेशंट कोण?"

जपूनकाकांनी सगळं सांगितलं. सुजलेल्या ओठानं जमेल तसं, पण एकही गोष्ट न लपवता. डॉक्टरीणबाईंनी फौजदाराला टेबलावर घेतलं, पोटावरून बोटं फिरवली आणि त्या थांबल्या.

"यातली ओढली कुठली?"

"ही. मागची."

"कितपत जोरात?"

"सरळ. पिरगळलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला. "काका, या गोचिडी नाहीत. ही त्याची आचळं आहेत."

खोलीत शांतता पसरली. दार उघडंच होतं, त्यामुळे बाहेरही पसरली.

"आचळं?" जपूनकाका कसेबसे म्हणाले. "पण हा तर नर आहे!"

"तुम्हीही नरच आहात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला नाहीत?"

बाहेर सशाला घेऊन बसलेले गृहस्थ मोठ्यानं खोकले. एक बाई मांजराच्या टोपलीत तोंड घालून हसू लागल्या. जपूनकाकांचा हात नकळत स्वतःच्या सदऱ्याच्या खिशाकडे गेला, आणि त्यांना वाटलं की आता धरणी दुभंगली तर बरं होईल.

"आणि चिमटा?" त्यांनी धीर करून विचारलं. "तो पोटात..."

डॉक्टरीणबाईंनी फौजदाराच्या मानेवरच्या दाट केसांत हात घातला, थोडं चाचपलं आणि चिमटा काढून टेबलावर ठेवला. "केस फार गळतायत. रोज विंचरत जा. बाकी कुत्रा ठणठणीत आहे, वयाच्या मानानं उत्तम. एका ठिकाणी थोडं लाल झालंय, का ते तुम्हाला माहीतच आहे. हे मलम लावा. आणि तुम्ही स्वतः समोरच्या माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन ओठ दाखवून घ्या. याची काळजी पुरे झाली."

परतीच्या वाटेवर मास्तरांनी गाडी स्वतः घेतली. ग्रंथपाल बाई पुढे बसून डोळे पुसत होत्या, भीतीनं की हसून ते कळत नव्हतं. मागे जपूनकाका फौजदाराचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि उद्याचं वाक्य जुळवत होते. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची कारणं वाचली होती. 'पाय घसरला', 'दिसले नाही', 'असे होईल असे वाटले नव्हते'. आज त्यांना एकही सुचेना. दादाचं म्हणणं खरंच होतं. त्यांची काळजी लागली की कुठलाही जीव बिचारा सुकून जाणार. दादा उद्या येईल, कुत्र्याचं पोट बघेल, पट्टा उचलेल आणि जाईल. पुढची सहा वर्षं पुन्हा अबोला. दोघांचंही वय बघता, त्यापुढची मोजायचं कारणच नव्हतं.

गाडी फाटकाशी वळली. फाटकात दादा उभा होता. शेजारी काकू.

"आजच?" जपूनकाका पुटपुटले. एक रात्रही मिळाली नाही.

फौजदार दार उघडायच्या आत खिडकीतून अर्धा बाहेर पडला होता. तो जाऊन दादाच्या छातीवर पाय ठेवून उभा राहिला, दादाच्या सदऱ्यावर चौकातल्या शेणखताचे दोन ठसे उमटले. मागून जपूनकाका उतरले. कसलीही प्रस्तावना न करता, फाटकातच, मास्तर आणि ग्रंथपाल बाईंच्या देखत त्यांनी सगळं सांगून टाकलं. मोरी, चिमटा, माशी, फुलबाग, आठ आचळं. आणि शेवटी हात जोडले. ओठ मिटेना, त्यामुळे म चा व होत होता.

"दादा, वला वाफ कर."

"वाफ?" दादा गोंधळला. "वाफ कशाला?"

"माफ म्हणतायत, भाऊजी," काकू म्हणाल्या.

दादानं धाकट्या भावाचा ओठ पाहिला, चिखलानं भरलेली विजार पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण ते कुठल्या बाजूला जाईल याचा अंदाज येईना. तेवढ्यात मास्तर गाडीतून खाली वाकून बघत म्हणाले, "अरे, हे काका तुमचे भाऊ होय? बुधवारी बाजाराच्या चौकात आमच्या गाडीला आडवे आले होते. हातात दुधाची पिशवी. केवढं ओरडले हो बाईंना!"

"हेच ते," बाईंनी दुजोरा दिला. "माझा पहिलाच तास होता. मी विसरणं शक्य नाही."

"बुधवारी?" काकू दादाकडे वळल्या. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की भाऊजींच्या हातात पिशवी नाही, बॅग नाही, आणि पायात घरातल्या सपाता आहेत. "तुम्ही तर शनिवारी परगावी गेला होतात ना?"

दादानं फौजदाराचे कान खाजवायला सुरुवात केली. "जाणारच होतो. गाडी चुकली."

"बुधवारपर्यंत?"

"रोज चुकायची."

जपूनकाकांनी त्या सपातांकडे पाहिलं. आठवडाभर हा माणूस वीस मिनिटांवर, रिकाम्या घरात, कुत्र्यावाचून एकटा बसला होता.

"मग भाऊजी," काकूंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "कुत्रं आमच्याकडे कशाला आणून सोडलंत?"

दादा फौजदाराच्या कानावरचा चिखल काढू लागला.

"न्यायला यावं लागतं ना मग," तो म्हणाला.

मास्तरांनी गाडी बंद केली. जपूनकाकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि या वेळी त्यात परागकणांचा काही संबंध नव्हता. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण त्या ओठातून ते भलतंच काहीतरी निघालं असतं, म्हणून ते नुसते दादाच्या सदऱ्यावरची माती झटकत राहिले. झटकली तशी ती जास्तच पसरली.

"राहू दे रे बाळ्या," दादा म्हणाला. मग पट्टा हातात घेतला, दोन पावलं टाकली आणि पाठमोराच थांबला. "पुढच्या आठवड्यात मला पुन्हा परगावी जायचंय."

"कुठे?" काकूंनी विचारलं.

"ते अजून ठरलेलं नाही."